यज्ञेश्वरबाबूंची यादी

“फुकट म्हटलं की त्यात काहीतरी कमी असतेच, शीला. नाई तं फुकट कोण देते?”

“अन् विकतचं काय सोन्याचं राह्यते? सहा हजाराच्या वर! तेबी एका वर्षाचे. पुढच्या वर्षी परत भरा. घरभाडं आहे का ते?”

“पण त्याची पावती मिळते.”

“पावती काय फ्रेम करून भिंतीले लावता?”

“तू समजूनच नाई राह्यली. तेरा वर्षं मी ज्याच्यावर काम केलं ते चोरीचं होतं. चोरीचं! एकतीस वर्षं नगरपरिषदेत नोकरी केली, ऑफिसची टाचणी घरी आणली नाई, अन् माह्याच घरात—”

“तुमाले कुठं माहीत होतं? दुकानवाल्यानं टाकून देल्लं, तुमी वापरलं.”

“चोरीचा माल वापरणाराबी तेवढाच—”

“बाबा! आई! मी दोन दिवसांसाठी आली आहे हो नागपूरवरून. निदान चिवडा तरी शांतपणे खाऊ द्या.”

हे बोलली अनघा, दोघांची मुलगी. नागपूरला कॉलेजात शिकवते. नव्या कॉम्प्युटरच्या वायरी टेबलामागे खोचता खोचता तिचे केस धुळीने पांढरे झाले होते आणि भांडणाची ठिणगी तिनेच पाडली होती. वणीतल्या या घरचा जुना कॉम्प्युटर दसऱ्याला वीज कमी-जास्त झाली तेव्हा जो झोपला, तो उठलाच नाही. दुरुस्तीवाल्याने त्याच्या पोटातून एकच गोष्ट जिवंत बाहेर काढून पेनड्राइव्हवर दिली: बाबांची यादी. दिवाळीला अनघाने नवा कॉम्प्युटर आणला. पण यादी उघडायला त्यात रकाने-चौकटींचं सॉफ्टवेअर हवं. “जुनं होतं ना, तेच टाक,” असं बाबा म्हणाले आणि अनघाने सहज सांगून टाकलं, की बाबा, ते कॉपी केलेलं होतं, त्याचे पैसे कोणी कधी भरलेच नव्हते.

सांगायला नको होतं. यज्ञेश्वरबाबू खुर्चीवर असे बसले, जसं कोणी त्यांच्यावर खटलाच भरला आहे.

“दोन रस्ते आहेत,” अनघाने समजावलं. “एक फुकटचं आहे. चोरीचं नाही. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलं आणि सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं. दुसरं विकतचं. ते तीस दिवस वापरून पाहता येते. पटलं तर पैसे भरायचे, नाही तर बंद.”

“विकतचं टाक,” बाबू म्हणाले.

“फुकटचं टाक,” शीलाबाई म्हणाल्या.

अनघाने तीस दिवसांचं टाकलं. म्हणजे दोघांचंही थोडं थोडं ऐकलं.

ही यादी काय आहे ते वणीत कोणालाही विचारा. रक्त लागलं की लोक आधी रक्तपेढीत जातात आणि तिथे ‘नाही’ ऐकलं की यज्ञेश्वरबाबूंना फोन करतात. चारशे बारा माणसं. नाव, गाव, फोन, रक्तगट, मागचं रक्त कधी दिलं, आणि शेवटचा रकाना ‘उपास’. हा रकाना दुसऱ्या कोणाच्या यादीत सापडायचा नाही. कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाची चतुर्थी, कोणाची नऊ दिवसांची नवरात्र. उपाशीपोटी रक्त दिलं की माणूस कोसळतो आणि दिल्यावर उपास मोडायला सांगितलं तर पुढच्या वेळी तो येत नाही. म्हणून बाबू उपासाच्या दिवशी त्या माणसाला फोनच करत नाहीत. बाकीच्यांनाही त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “जेवले का?” तिकडून ‘हाव’ आलं की मग पुढचं बोलणं.

बाबू नगरपरिषदेत जन्म-मृत्यूच्या नोंदी करायचे. खिडकीच्या एका बाजूला पेढे यायचे, दुसऱ्या बाजूला रडणं. वीसेक वर्षांपूर्वी, एकाच आठवड्यात, बाळंतपणात गेलेल्या दोन बायकांच्या नोंदी त्यांच्या हातून झाल्या. पहिलीच्या पुढे ‘कारण’ या रकान्यात त्यांनी ‘अतिरक्तस्राव’ लिहिलं. दुसरीचं कारणही तेच. कारकुनाच्या हाताने सवयीप्रमाणे तिथे दोन छोट्या रेघा मारल्या. वरीलप्रमाणे. समोर त्या बाईचा नवरा उभा होता. त्याने कागदाकडे पाहून विचारलं, “साहेब, माह्या बाईचं नाई लिहिलं का?”

बाबूंनी रेघा खोडून पूर्ण शब्द लिहिला. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी शाळेच्या वहीवर आठ माणसांची नावं उतरवली. आपलं नाव, दोन शेजारी, ऑफिसातले चार, आणि नेमसिंग. नेमसिंग म्हणजे त्यांचा दोस्त, कोळसा खाणीतून निवृत्त झालेला, मिशी अजून ड्युटीवर असलेला. तिथून यादी वाढत वाढत चारशे बारावर आली. बाबू आता सदुसष्टचे आहेत, त्यांचं स्वतःचं रक्त वयामुळे कोणी घेत नाही. यादी मात्र घेतात.

तर त्या दिवशी अनघाने यादी उघडली आणि म्हणाली, “बाबा, नाव कसं शोधता यात? काहीच क्रम नाही.”

“आहे ना. शिबिराप्रमाणे आहे. हे पाय, मुकुटबनचं शिबिर. हे राजूरचं. हे उमरखेडचं.”

“म्हणजे बबनराव म्हटलं, की तुम्हाला शिबिर आठवावं लागते?”

“आठवते मले.”

“आणि सत्तर वर्षांचे झाल्यावर?”

शीलाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, “आताच नाई आठवत! काल सांभाराची जुडी आणा म्हटलं तं मेथीची घेऊन आले!”

अनघाने एक बटण दाबलं. पडदा क्षणभर थरथरला आणि चारशे बारा माणसं शाळेच्या प्रार्थनेला उभी राहावीत तशी अक्षरवार रांगेत लागली. अ वाले वर, ह वाले खाली. यज्ञेश्वरबाबू खुर्चीवरून उठून उभे राहिले.

“परत कर.”

“परत काय, झालं ते.”

“नाई, म्हणजे मले दाखव परत. असं एका सेकंदात? मी तेरा वर्षं वरखाली करत राह्यलो अन् हे एका सेकंदात?”

“हे तर जुन्यातही होतं, बाबा. फुकटच्यातही आहे. सगळ्यातच असते.”

पण ते त्यांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी पडद्याकडे असं पाहिलं, जसं नवरदेवाकडचे पहिल्यांदा नवरीकडे पाहतात. “हे घ्यायचं,” ते म्हणाले. “पैसे गेले तरी चालते. हे घ्यायचं.”

दुसऱ्या दिवशी अनघा नागपूरला गेली. बाबू दुपारी यादीसमोर बसले. सगळं छान होतं, एक सोडून. अनुक्रमांकाचा रकाना. अक्षरवार लावताना आकडे आपापल्या माणसांबरोबर गेले होते आणि वरून वाचलं की दोनशे सतरा, चाळीस, तीनशे नव्वद, अकरा असे दिसत होते. ज्या माणसाने एकतीस वर्षं नोंदवहीत एक आकडा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याच्या जिवाला ते कसं सोसवणार? त्यांनी चष्मा नीट केला आणि एकापासून चारशे बारापर्यंत सगळे आकडे हाताने नव्याने टाकले. दोन तास लागले. मग फाइल जपून ठेवली. पेनड्राइव्हवरही तीच ठेवली, जुनीच्या जागी. मग शीलाबाईंना चहा मागितला. फार दिवसांनी एखादं काम मनासारखं झालं की माणूस जसा चहा मागतो, तसा.

पाचव्या दिवशी सकाळी नंदाबाईंचा फोन आला.

“काकाजी, खुशीचं रक्त परत कमी झालं जी. डॉक्टर म्हणते आजच्या आज चढवा लागते. बी पॉझिटिव्ह. पेढीत नाई म्हणून राह्यले.”

खुशी नंदाबाईंची मुलगी, नऊ वर्षांची, सिकलसेलची पेशंट. दीड-दोन महिन्यांतून एकदा तिला रक्त लागायचंच. बाबूंनी नंदाबाईंना कधीच शब्द दिला होता, की तुम्ही फक्त फोन करायचा, माणूस शोधणं माझ्याकडे. एकाआड एक खेपेला नेमसिंग यायचा, पण त्याने दोनच महिन्यांपूर्वी दिलं होतं आणि मध्ये तीन महिने जावे लागतात.

“नंदाबाई, तुमी तिले घेऊन या. माणूस पोचते दुपारपर्यंत.”

बाबू नव्या यादीपुढे बसले. आज पहिल्यांदा ती कामाला लागणार होती. बोट खाली खाली सरकलं. बबनराव. बी पॉझिटिव्ह. मागचं रक्त सात महिन्यांपूर्वी. उपास गुरुवार. आज मंगळवार.

“बबनराव, जेवले का?”

“न्याहारी झाली. बोला बाबूजी.”

“एका लेकराले रक्त पाह्यजे. येता काय?”

“कापूस वेचणं सुरू आहे. बाया लावल्या आहे वावरात.” तिकडे त्यांनी बायकोला हाक मारून काहीतरी सांगितलं. “बरं. बायको पाह्यते वावर. येतो.”

मुकुटबनहून एसटीने बबनराव साडेबाराला उतरले. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, बाहीला कापसाचे तंतू चिकटलेले. रक्तपेढीत त्यांच्या बोटाला सुई टोचली, काचेवर थेंब घेतला. तिथली बाई बाहेर येऊन म्हणाली, “काका, हे तर ओ पॉझिटिव्ह आहेत.”

“असं कसं होईन?” बाबूंनी खिशातून घडी केलेला छापील कागद काढला. “हे पाहा. बबनराव. बी.”

बबनराव वाकून कागदात डोकावले. “बाबूजी, मी तं ओच आहे. लग्नाच्या आधीपासून ओच. शिबिरात तुमालेच सांगतलं होतं. अन् हे काय लिहिलं, गाव उमरखेड? उमरखेडले मी आजवर पाय नाई ठेवला!”

बाकावर खुशी आईच्या मांडीवर डोकं टेकवून बसली होती. नंदाबाईंनी विचारलं, “काय झालं काकाजी?” बाबूंनी कागद पुन्हा वाचला. रक्तपेढीत तपासल्याशिवाय एक थेंब पुढे जात नाही, म्हणून पोरीला धोका नव्हता, हे त्यांना माहीत होतं. पण शब्द दिला होता आणि घड्याळात एक वाजत होता.

त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला. डोळे मिटले. आणि यादीत नाही, तर डोक्यात शोधायला लागले. राजूर. खाणीतला डंपर चालवणारा अमर. शिबिरात सुई पाहून चक्कर आलेला, मग म्हणालेला, डोळे बांधून घ्या पण रक्त घ्या. तो बी पॉझिटिव्ह. नक्की बी पॉझिटिव्ह, कारण त्याच्या हातावर पट्टी लावून कार्डावर गट बाबूंनीच लिहिला होता.

बाबूंनी फोन लावला आणि पहिली पाळी सुटल्यावर अमर साडेतीनला पोचला. तोंडावर कोळशाची पूड, डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं. “काकाजी, डबा आताच खाल्ला. डोळे बांधा लवकर.”

बबनराव अजून बाकावरच होते. बाबू त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. “माफ करा. तुमचा दिवस गेला. एसटीचे पैसे तरी—”

“खिशात ठेवा ते पैसे.” बबनराव उठून बाही वर करत होते. “आता आलोच आहो तं माह्यंबी घेऊन टाका. कोणाच्या तरी कामी पडंल.”

घरी आल्यावर बाबूंनी चप्पल काढायच्या आधी अनघाला फोन लावला.

“तुह्या त्या सॉफ्टवेअरनं सगळ्यायचे रक्त बदलवले! फुकटचं घेतलं की असंच होते. पूर्ण पैसे भरले असते तं असं झालं नसतं. हे तीस दिवसवालं आहे ना, म्हणून अर्धवट काम केलं त्यानं!”

“बाबा, एक मिनिट. बबनरावांच्या रक्तगटाच्या चौकटीत काय आहे? नीट पाहून सांगा.”

“काय आहे म्हणजे? बी पॉझिटिव्ह.”

“तिथे ‘बी पॉझिटिव्ह’ लिहिलं आहे?”

बाबूंनी पडद्याला नाक लावलं. “दोन रेघा आहे. वरीलप्रमाणे.”

मग अनघा हळू म्हणाली, “बाबा, तुम्ही कॉम्प्युटरमध्ये ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं?”

“मंग? एका शिबिरात वीस जण ओ पॉझिटिव्ह, तं वीसदा लिहायचं का? गावाचंबी तसंच. नोंदवहीत असंच लिहितात.”

“नोंदवहीतली माणसं जागेवरून हलत नाहीत, बाबा! इथे मी सगळ्यांना हलवलं. बबनरावांच्या वर जे होते ते गेले दुसरीकडे, आणि आता वर भलताच कोणीतरी आला. त्या रेघा त्याच्याकडे बोट दाखवून राहिल्या.”

बाबू खुर्चीत बसले.

“पण सोपं आहे,” अनघा म्हणाली. “अनुक्रमांक होते ना? त्या आकड्यांवर परत लावलं की सगळे आपापल्या जागी जातील. आत्ता करून देते.”

“अनुक्रमांक,” बाबू म्हणाले.

“हो.”

“ते मी बदलवले.”

“काहून?”

“उलटसुलट दिसून राह्यले होते.”

“पेनड्राइव्हवर जुनी फाइल असेल ना?”

“त्याच्यावरबी नवीनच ठेवली. व्यवस्थित.”

मग फोनमधून एक विचित्र आवाज आला. बाबूंना वाटलं पोरगी रडते आहे. ती हसत होती. आणि दारात टॉवेलने हात पुसत उभ्या असलेल्या शीलाबाई, ज्यांनी सगळं ऐकलं होतं, त्याही तोंडाला टॉवेल लावून हसायला लागल्या.

“हसा,” बाबू म्हणाले. “हसा दोघी.”

मोजल्यावर कळलं की दोनशे छत्तीस माणसांपुढे रेघा होत्या. दोनशे छत्तीस माणसांचं रक्त आणि गाव, दोन्ही संशयात. शीलाबाईंनी त्याच संध्याकाळी एक गोष्ट विचारली, “जेवढे दिवस ही यादी बरोबर होत नाई, तेवढे दिवस नंदाबाईचा फोन आला तं काय सांगसान?” दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांनी पहिला फोन लावला.

त्या तीन आठवड्यांत या घरातून जेवढे फोन झाले, तेवढे अनघाच्या लग्नातही झाले नसतील. बाबूंनी आपल्यासाठी एक वाक्य तयार केलं होतं, “मी यज्ञेश्वर बोलून राह्यलो, रक्ताची गरज नाई, फक्त चौकशी आहे.” पण पहिल्या चार शब्दांवरच लोक म्हणायचे, “कुठं येऊ?”

“येऊ नका. तुमचा गट कोणता तेवढं सांगा.”

“तुमाले माहीत नाई? मले वाटलं, आमच्याबद्दल सगळं तुमालेच माहीत राह्यते!”

कोणी चिडलं. “आता पुन्हा यादी कायले करता? सरकारी काही आहे का यात?” कोणी स्वतःच गोंधळलं, “थांबा, बायकोले विचारतो,” आणि मागून बायकोचा आवाज, “तुमचा एबी आहे, मी म्हणते ना एबी, कार्डावर लिहिलेलं आहे, कपाटात.” एका माणसाने नवीनच सांगितलं, की आता तो गुरुवार सोडून शनिवार करतो. बाबूंनी उपासाच्या रकान्यात बदल केला. एक फोन उचलला एका मुलीने. “बाबा गेले मागच्या वर्षी,” ती म्हणाली. बाबू ते नाव काढायला लागले. “पण माझं वय अठराच्या वर आहे,” मुलगी म्हणाली. “माझं नाव लिहा.” त्यांनी लिहिलं. पूर्ण नाव, पूर्ण गाव, पूर्ण गट. एकही रेघ नाही.

नेमसिंग रोज दुपारी येऊन बसायचा आणि प्रत्येक फोनला मागून शेरे मारायचा.

“बाबूसाहेब, माह्या नावापुढं काय लिहिलं आहे?”

“तुह्यं मले पाठ आहे.”

“तरीबी लिहा ना. का मीबी वरीलप्रमाणे आहो? माह्या वर कोण आहे आता?”

“नंदाबाई. तिच्या सासऱ्याच्या नावानं शिबिर झालं, तवा नाव घातलं होतं तिनं.”

“म्हणजे आता माह्या अंगात बाईचं रक्त!” नेमसिंगने मिशीवरून हात फिरवला. “हे पाहा, ज्यायनं फोन उचलला नाई त्यायच्याकडे गाडीवर जाऊ. मी आहो ना. राजूरमधल्या निम्म्या लोकायचे जुने नंबर बंद झाले. घरं तं तिथंच आहे.”

आणि गेले दोघे. राजूरला नेमसिंगची ओळख गल्लीगल्लीत. दोघे ज्या घरी गेले तिथे चहा झाला. एका दिवसात अकरा माणसं आणि अकरा चहा. घरी येऊन बाबूंनी रात्रीच्या जेवणाला नाही म्हटलं, तेव्हा शीलाबाई म्हणाल्या, “तुमच्यापुढंबी उपासाचा रकाना करा आता. राजूरवार.”

अठ्ठाविसाव्या दिवशी दोनशे छत्तीसांतले फक्त तीन उरले. एकाचा पत्ता लागत नव्हता, दोघं परगावी होते. बाबूंनी त्या तिघांच्या चौकटीत ठळक अक्षरांत लिहिलं: ‘खात्री नाही. फोन करू नये.’ मग मुकुटबनला फोन लावून बबनरावांना सांगितलं, की तुम्ही ओ पॉझिटिव्ह आहात आणि मुकुटबनचेच आहात. “बरं झालं बावा,” बबनराव म्हणाले. “महिनाभर घरात मले सगळे उमरखेडवाले म्हणून राह्यले होते.”

त्याच दुपारी नंदाबाईंचा फोन आला. खुशीसाठी नव्हता. त्यांच्या नणंदेचं ऑपरेशन होतं, ए निगेटिव्ह हवं होतं. ए निगेटिव्ह म्हणजे अख्ख्या यादीत चार माणसं. बाबूंचं बोट चौथ्या नावावर थांबलं. त्यांनी चौकटीत पाहिलं. पूर्ण लिहिलेलं होतं. “जेवले का?” त्यांनी विचारलं, आणि तासाभरात माणूस रक्तपेढीत पोचला आणि तपासणीत तो ए निगेटिव्हच निघाला. नंदाबाईंनी सांगायला फोन केला तेव्हा बाबूंनी फक्त “हं” म्हटलं, आणि फोन ठेवून त्या दिवशी पहिल्यांदा भरपेट जेवले.

तिसाव्या दिवशी सकाळी पडद्यावर पिवळी पट्टी आली. मुदत आज संपते. यापुढे फाइल पाहता येईल, बदलता येणार नाही. पुढे वापरायचं असल्यास पैसे भरा.

यज्ञेश्वरबाबूंनी पाकिटातून बँकेचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. अनघाने फोनवर दोन्ही वाटा पुन्हा एकदा सांगितल्या होत्या. फुकटचं टाकलं तर हीच यादी त्यात जशीच्या तशी उघडते, तिने आपल्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिली, चारशे बारा माणसं, एकही रेघ नाही.

शीलाबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. कार्ड पाहून त्यांचे हात थांबले.

“भरता पैसे?”

“भरतो.”

“महिनाभर जे केलं ते या सॉफ्टवेअरनं केलं का तुमी केलं?”

“मी केलं. पण शीला, चारशे माणसांचं काम आहे हे. एखाद्या पोरीच्या जिवाचं काम आहे. ते फुकटच्या गोष्टीवर कसं ठेवायचं? ज्याचं बिल नाई, ज्याची पावती नाई, ज्याले जाब विचारता येत नाई, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? कोणं बनवलं, कायले बनवलं, उद्या त्यायनं म्हटलं आमचं मन नाई, तं?”

“कोणं बनवलं ते अनघानं सांगतलं. लोकायनं बनवलं.”

“लोकं! कोणते लोकं? मी ओळखतो का त्यायले? अन् ते मले ओळखते का? न ओळखता फुकट कोण काय देते, सांग मले. एक उदाहरण सांग.”

शीलाबाईंनी मांडीवरची टोपली खाली ठेवली. आवाज चढवला नाही. शेंगांची टरफलं पदरातून झटकली आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं.

“बबनराव,” त्या म्हणाल्या.

बाबूंनी तोंड उघडलं.

“खुशीले ओळखत होते बबनराव? वावरात बाया लावून, एसटीत उभे राहून आले. गट जुळला नाई तरीबी बाही वर केली. पावती मागतली का त्यायनं? तुमी मागतली त्यायले? अन् तो अमर, डोळे बांधून? वीस वर्षं झाले तुमचं सगळं काम फुकटच्याच भरवशावर चालू आहे. तवा नाई वाटलं तुमाले की उद्या यायचं मन नसंल तं काय? मंग या एका गोष्टीलेच पावती काहून पाह्यजे? सांगा ना.”

पडद्यावरची पिवळी पट्टी तशीच होती. बाहेर रस्त्यावरून बोरांची गाडी गेली, गाडीवाल्याने दोनदा हाक दिली.

“सांगा ना,” शीलाबाई पुन्हा म्हणाल्या. “पैसे भरायचे का अनघाले फोन लावायचा?”

यज्ञेश्वरबाबूंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत डोळ्यांवर ठेवला. टेबलावरचं कार्ड उचलून पाकिटात घातलं. फोन शीलाबाईंच्या हातात दिला, पाकीट खिशात घातलं. मग दाराशी जाऊन एका पायात चप्पल सरकवली, दुसरी चप्पल पायाने शोधत क्षणभर तसेच उभे राहिले, ती सापडली, आणि फाटक उघडून ते बोरांच्या गाडीच्या दिशेने चालू लागले.